फुले योजनेतलं डायलिसिस आणि आरोग्यमित्राचं डेस्क, काकांच्या आजारपणातला अनुभव आणि रिव्ह्यू

पैसे लागतात का, हे आधी सांगून टाकतो कारण बहुतेक जण तेवढंच शोधत असतात. नाही लागत. आमच्या काकांचं डायलिसिस तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोनदा होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, आणि युनिटमध्ये आजवर कुणी एक रुपया मागितलेला नाही. आम्ही मराठवाड्यातले, धाराशिव जिल्हा, पण मोठं दुखणं आलं की आमच्याकडची माणसं सोलापूरलाच पळतात, त्यामुळे या रिव्ह्यूमध्ये दोन्हीकडचं येणार आहे.

स्टार द्यायचेच तर डायलिसिस युनिटला पाच पैकी पाच, योजनेच्या डेस्कवर बसणाऱ्या आरोग्यमित्र ताईंनाही पाच, आणि एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलला पेशंट पाठवायची जी काही पद्धत आहे तिला दोन. ते दोन का, यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय.

आधी योजना काय आहे ते थोडक्यात, कारण अजूनही लोक 'जीवनदायी' म्हणतात आणि मग ती बंद झाली का असं विचारतात. बंद नाही झाली. 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 8 जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 च्या नोव्हेंबरात सगळ्या राज्यात आली, 2017 मध्ये तिचं नाव बदलून महात्मा जोतिराव फुले झालं, आणि पुढे केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली. पूर्वी एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत कव्हर होतं, किडनी बसवायची असेल तर अडीच लाख. 1 जुलै 2024 पासून ते पाच लाख झालं आणि पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही रेशन कार्ड चालायला लागलं. त्याआधी पांढऱ्या कार्डवाल्यांपैकी फक्त 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून मिळायचं, त्यात आपला मराठवाडा होता म्हणून आमच्या गावात काही जणांचं तेव्हाही भागलं.

दीड लाखाचे पाच लाख होणं डायलिसिसवाल्या घराला काय असतं ते सांगतो. आम्ही खासगीत विचारलं तेव्हा एका वेळचे दीड हजार सांगितले, आठवड्यातून दोनदा धरलं तरी महिन्याला बारा हजार, वर्षाला दीड लाखाच्या जवळ, म्हणजे जुन्या मर्यादेत वर्ष जेमतेम निघालं असतं आणि आठवड्यातून तीनदा करावं लागलं असतं तर साधारण आठ महिन्यांतच कव्हर संपलं असतं. आता तशी भीती नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, हे पाच लाख माणशी नाहीत, अख्ख्या कुटुंबाला मिळून आहेत. म्हणजे त्याच वर्षी काकूंची अँजिओप्लास्टी निघाली तर ती पण यातूनच.

आता सुरुवात. काकांना शुगर आणि बीपी जुनंच. पायावर सूज, जेवण जाईना, उलट्या, म्हणून तालुक्याला रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम किती बिघडलंय ते सांगणारा आकडा, नऊच्या वर. तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून सोलापूरला पाठवलं. तिथे ज्या हॉस्पिटलला गेलो त्याचं नाव लिहीत नाही, ते योजनेच्या यादीत आहे, दारात योजनेचा मोठा बोर्डही आहे. पण बिलिंग काउंटरवरचा मुलगा म्हणाला, योजनेचे बेड फुल आहेत, आत्ता कॅशमध्ये ॲडमिट करा, मंजुरी आली की बघू. रात्रीची वेळ, माणसाला श्वास लागलेला, कोण वाद घालतो, चुलत भावाने पैसे भरले. मानेत कॅथेटर, म्हणजे नळी, टाकून पहिलं डायलिसिस झालं. ते चांगलं झालं, डॉक्टर आणि सिस्टर दोघांबद्दल तक्रार नाही.

सकाळी आरोग्यमित्राचं डेस्क उघडलं तेव्हा कळलं की असं कॅश भरायला लावणं चुकीचं आहे. इमर्जन्सीत कागद नसले तरी फोनवर कळवून योजनेतून उपचार सुरू करता येतात, रेशन कार्ड आणि ओळखपत्र नंतर ठराविक मुदतीत दिलं तरी चालतं. हे काउंटरवर कुणीच सांगितलं नाही. आरोग्यमित्र सरांनी सांगितलं की 155388 वर फोन करून तक्रार नोंदवा, टोल फ्री आहे, 18002332200 हा पण चालतो. तक्रार केली, पाठपुरावा केला, बरेचसे पैसे परत मिळाले पण टेस्टचे काही गेले ते गेलेच. म्हणून ॲडमिट करताना आधी आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा, डेस्क बंद असेल तर तिथूनच 155388 ला लावा, काउंटरवाल्याच्या समोर उभं राहून लावा.

आरोग्यमित्र म्हणजे कोण हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये एक डेस्क असतं, तिथे बसणारा माणूस तुमचं रेशन कार्ड ऑनलाइन तपासतो, आधार बघतो, फोटो काढतो, नोंदणी करतो आणि मग हॉस्पिटल ऑपरेशनची किंवा उपचाराची मंजुरी मागवतं. ते डॉक्टर नाहीत आणि हॉस्पिटलचे नोकरही नाहीत, योजनेच्या बाजूने पेशंटसाठी बसवलेले असतात. आमच्या तालुक्याच्या डेस्कवर ज्या ताई आहेत त्यांना मी जवळून काम करताना बघितलंय. ओपीडीच्या पॅसेजमध्ये एक टेबल, लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन, आणि शेजारी एक लांब फुलस्केप वही. वहीत लाल पेनने डायलिसिसच्या प्रत्येक पेशंटचं नाव, मंजुरी कुठल्या तारखेला संपते ती तारीख, आणि घरातल्या दोन माणसांचे मोबाईल नंबर. लॅपटॉपवर पण हे सगळं असतंच, मी विचारलं मग वही कशाला, तर म्हणाल्या, "दादा, सर्व्हर डाउन असला तरी पेशंट यायचा थांबतो का?" मंजुरी एकदाच मिळत नाही ना, ठराविक डायलिसिस झाले की परत मागवावी लागते, ती तारीख हुकली तर पेशंट मशीनपाशी येऊन बसून राहतो. ताई तारखेच्या आधी स्वतःहून फोन करतात की काकांचा रिपोर्ट अजून आला नाही, उद्या येताना आणा.

आमची अडचण अजून वेगळी होती. रेशन कार्डवर काकांचं नाव 'बाबुराव' आणि आधारवर 'बाबूराव', आणि वयात चार वर्षांचा फरक. तुम्ही म्हणाल एवढं काय, पण कॉम्प्युटरला ते दोन माणसं वाटतात. आणि आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्या माणसांचं असंच आहे. ताईंनी सांगितलं तहसीलला जाऊन आधी रेशन कार्ड 12 अंकी करून घ्या, ऑनलाइन नाव दुरुस्त करा, तोवर मी हे कागद लावून पाठवते. पुरवठा विभागात जायला लागलं पण काम झालं. घरात सगळे धडधाकट आहेत तेव्हाच हे करून ठेवा, प्लीज. आजारी माणूस दवाखान्यात आणि नातेवाईक तहसील कार्यालयात अशी पाळी कुणावर यायला नको.

आता ते दोन स्टारवालं प्रकरण.

सोलापूरहून डिस्चार्ज देताना सांगितलं की आता कायम डायलिसिस लागेल, तुमच्या तालुक्याला युनिट आहे तिथेच करा. बरोबरच आहे, प्रत्येक वेळी सोलापूरला कोण नेणार. पण 'तिथेच करा' म्हणजे नेमकं काय करा हे कुणी ठरवून देत नाही. डिस्चार्ज कार्डवर ड्राय वेट लिहिलेलं नव्हतं, म्हणजे पाणी काढून झाल्यावर माणसाचं वजन किती असायला पाहिजे ते, आणि डायलिसिस करणाऱ्याला सगळ्यात आधी तेच लागतं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे रिपोर्ट झालेले होते पण कागद त्यांच्या फाइलमध्येच राहिला. हे रिपोर्ट बघितल्याशिवाय युनिट सहसा पेशंटला नेहमीच्या मशीनवर घेत नाही, कारण पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं ठेवावं लागतं. तालुक्याच्या युनिटला जागा आहे का, हे तर कुणी फोन करूनही विचारलं नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा सगळे स्लॉट भरलेले. डायलिसिसचा माणूस तीन-चार दिवसांवर थांबू शकत नाही, पाणी साठतं, पोटॅशियम वाढतं, पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. आणि आम्ही हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन पॅसेजमध्ये.

हे कोणी सोडवलं तर परत ताईंनीच. त्यांनी सोलापूरच्या त्या डेस्कवरच्या आरोग्यमित्र सरांना स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावला, रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घेतले, टेक्निशियन सरांना ड्राय वेट विचारून घ्यायला लावलं, आणि एका पेशंटला विनंती करून त्याची वेळ दुपारी सरकवली, तेव्हा काकांना सकाळचा स्लॉट मिळाला. संध्याकाळपर्यंत मार्ग निघाला. मला आनंद झाला पण डोक्यातून एक गोष्ट जात नाही, की ताई त्या दिवशी रजेवर असत्या तर? एका हॉस्पिटलने दुसऱ्याला फोन करणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही, ज्याला कळवळा आहे तो करतो. पैशाची बाजू सरकारने बऱ्यापैकी उभी केली, मशीनही आली, पण दोन दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यावर पेशंट कुणाचाच नसतो, तिथे तो फक्त नातेवाइकांचा असतो. ज्याच्या घरी फोनाफोनी करणारं शिकलेलं पोरगं नाही त्याने काय करायचं? आमच्याच बॅचला एक आजी येतात, सोबत नातू, सातवीतला असेल. त्या पोराच्या हातात सगळी फाइल असते.

फिस्टुलाच्या वेळी पण असंच झालं. मानेतलं कॅथेटर तात्पुरतं असतं, इन्फेक्शनची भीती, म्हणून हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, तो योजनेत बसतो, पण तो तयार व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे किडनी जातेय हे कळलं त्याच वेळी त्याची तारीख घ्यायला पाहिजे. कुणीतरी म्हणायला पाहिजे की हा पेशंट माझा, याचं पुढचं मी बघतो. इथे युनिट म्हणणार सर्जन लिहून देतील, सर्जन म्हणणार डायलिसिसचे डॉक्टर लिहून देतील. फिस्टुला झाला, चांगला झाला, पण उशिरा झाला आणि मधे कॅथेटरला पू होऊन थंडीताप आला तो त्यामुळेच असं मला तरी वाटतं. नवीन पेशंटच्या घरच्यांना माझं सांगणं, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "फिस्टुला कधी आणि कुठे?" आणि ज्या हाताला करायचा त्या हाताला आधीपासून सलाइन, रक्त काढणं, बीपीचा पट्टा काहीच लावू देऊ नका.

युनिटबद्दल मात्र तोंड भरून बोलावंसं वाटतं. स्वच्छ आहे, एसी चालू असतो, आत जाताना चप्पल बाहेर. टेक्निशियन सर तरुण आहेत, काका आले की आधी वजनकाट्यावर उभं करतात, फळ्यावर काकांच्या नावापुढे मागच्या वेळचं आणि आजचं वजन लिहितात, फरक तीन किलोच्या वर असला की काकांकडे बघून म्हणतात, "काका, परवा लग्नाला गेल्ता का?" मग सुई लावायच्या आधी फिस्टुलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटून बघतात, थ्रिल लागतंय का, म्हणजे आतून रक्ताची थरथर. ते त्यांनी काकूंना पण शिकवलं, रोज सकाळी हात लावून बघायचं, थरथर थांबली तर त्याच दिवशी फोन. आता काकूंचं चहाच्या आधी तेच पहिलं काम. चार तास मशीन चालतं, मधे बीपी घेतात, पाय आखडले की लगेच येतात. पाणी किती प्यायचं, नारळपाणी आणि केळी का नको, डाळ भिजवून पाणी का फेकायचं, हे सगळं काकूंना त्यांनीच समजावलं, आहारतज्ज्ञ तिथे नाही. नेफ्रॉलॉजिस्ट पण रोजचे नाहीत, ठरलेल्या दिवशी येतात, बाकी वेळ तिथले एमबीबीएस डॉक्टर बघतात. ही उणीव आहे, पण तालुक्याच्या गावात किडनीचे डॉक्टर रोज मिळणं अवघड आहे हे मला समजतं. व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवायची सोय तरी पक्की वेळ ठरवून करावी.

एका रात्री काकांना एकदम धाप लागली, झोपता येईना, पाणी वाढलेलं. 108 ला फोन केला. ही सेवा 2014 पासून आहे, सुरुवातीलाच 937 गाड्या आल्या, आणि गाडीत डॉक्टर असतो, हे कितीतरी लोकांना अजून माहीत नाही. गाडी आली, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आणि फाइल बघून म्हणाले की तालुक्याला रात्री डायलिसिस होत नाही, तिथे थांबवून उपयोग नाही, सरळ जिल्ह्याला जाऊ, आणि गाडीतूनच तिथे फोन करून सांगितलं की डायलिसिसचा पेशंट येतोय. पोचलो तेव्हा माणसं तयार. बघा, एक फोन. तेवढ्याने सगळं बदललं. हेच सोलापूरहून डिस्चार्ज देताना झालं असतं तर! एक मात्र समजून घ्या, 108 ही इमर्जन्सीसाठी आहे, नेहमीच्या डायलिसिसला ने-आण करत नाही, आणि त्यासाठी तिला फोन करूही नये, त्याच वेळी कुणाचा ॲक्सिडेंट झालेला असू शकतो.

ने-आणीसाठी एसटी आहे. डायलिसिसच्या पेशंटला साध्या गाडीत शंभर टक्के सवलत आहे, ही गोष्ट आम्हाला उशिरा कळली, आणि कळली ती पण दुसऱ्या पेशंटकडून. काकूंना महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत. हे दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहायला काय हरकत आहे?

सरकारी दवाखान्यातला बाकीचा खर्च म्हणाल तर 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. पण मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल वेगळ्या खात्याचं, तिथे हा नियम आपोआप लागू होत नाही, म्हणून तिथे गेल्यावर आधी समाजसेवा अधीक्षकांना भेटा, ते एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य शिकलेले असतात, फी माफी वगैरे तेच बघतात. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तिथे 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. रक्तवाढीचं इंजेक्शन कधी कधी युनिटला शिल्लक नसतं, तेव्हा बाहेरून आणावं लागलं, तो खर्च आमच्या खिशातून गेला.

आभाचं, म्हणजे केंद्राच्या डिजिटल आरोग्य खात्याच्या नंबरचं पण सांगतो. 14 अंकी नंबर काढून घेतला, कार्ड प्रिंट केलं, लॅमिनेशन केलं. ओपीडीला क्यूआर स्कॅन केला की टोकन लगेच येतं, रांगेत उभं राहावं लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला त्याचा खरंच फायदा आहे. पण त्या नंबरवर काकांचे रिपोर्ट, डिस्चार्ज, ड्राय वेट असं काही दिसलं नाही, आमच्या अनुभवात तरी कुणी उघडून बघितलं नाही. सोलापूरचा कागद तालुक्याला अजून आमच्या पिशवीतूनच जातो. नंबर आहे, इंटरनेट आहे, कॉम्प्युटर दोन्हीकडे आहे, मग एवढं एक जोडून द्या. आणि डिस्चार्ज देणाऱ्या हॉस्पिटलने पुढच्या युनिटला फोन करून स्लॉटची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून दिल्याशिवाय डायलिसिसच्या पेशंटला सोडायचंच नाही, असा नियम करा. याला नवीन बिल्डिंग लागत नाही.

आरोग्यमित्रांच्या पगाराचा विषय पण काढतो कारण मला तो महत्त्वाचा वाटतो. ही माणसं कंत्राटी आहेत, एजन्सीमार्फत, पगारासाठी त्यांना आंदोलनं करावी लागली आहेत. आमच्या ताई सुट्टीच्या दिवशी पण फोन उचलतात, स्वतःच्या रिचार्जवर. त्यांच्या कामात एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पेशंट पोचवणं हे अधिकृतपणे लिहा, त्यासाठी माणूस वाढवा, ऑफिसचा फोन द्या, आणि त्याचा मोबदला द्या. तेव्हा मी ते दोनचे पाच स्टार आनंदाने करेन.

आता पुढचं. काकूंना स्वतःची किडनी काकांना द्यायची आहे, पण काकूंना शुगर निघाली म्हणून डॉक्टर नाही म्हणाले. त्यामुळे अवयवदानाच्या यादीत काकांचं नाव लावायचंय. राज्यात त्यासाठी चार समित्या आहेत, मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, आणि ज्या हॉस्पिटलमध्ये ट्रान्सप्लांटसाठी नाव नोंदवाल त्याच्या विभागाच्या यादीत नाव जातं. सोलापूर पुण्याच्या विभागात येतं. योजनेत किडनी ट्रान्सप्लांट बसतं, पण नंतरच्या कायमच्या गोळ्यांचं काय, ते हॉस्पिटलला आधीच लेखी विचारणार आहे. या वेळी तालुक्याच्या ताईंनी जायच्या आधीच तिकडच्या डेस्कला फोन करून ठेवलाय, आणि हिपॅटायटिसचे रिपोर्ट, फिस्टुलाचा कागद, ड्राय वेटची चिठ्ठी सगळ्याचे दोन दोन झेरॉक्स सेट काढलेत. नोंदणी झाली की तिथला अनुभव याच रिव्ह्यूत खाली लिहितो.